खर्जातली बाई

चोरबाजारातून बाबांनी आणलेल्या तबकड्यांत डेक्काची एक होती. लेबल इतकं झिजलेलं की नाव लागेना. ती लावली आणि आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "कोण गं हा बाप्या? गळा गोड आहे." घरात पुरुषी आवाजाच्या गंगूबाई हनगल सतत वाजत असूनही आम्हाला संशय आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

खूप वर्षांनी तोच आवाज एका सीडीवर ऐकला आणि नाव सापडलं: कॅथलीन फेरिअर. एकेकाळी इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नला टेलिफोन ऑपरेटर होती. गाणं ग्लुकच्या 'ऑर्फिओ' या ऑपेरातलं, 1946 साली इंग्रजीत ध्वनिमुद्रित केलेलं. बायको गमावलेला पुरुष गातो, आणि गाणारी बाई! 1762 मध्ये व्हिएन्नात ही भूमिका ग्वादान्यी या खोजा गायकाने केली होती. पुढे ती खालच्या पट्टीच्या बायकांकडे आली. बालगंधर्वांचा उलटा न्याय.

मग सोप्रानो, मेझो, काँट्राल्टो, टेनर, बॅरिटोन, बास अशी आवाजाच्या प्रकारांची नावं पाठ केली. ती मी काळी एक, पांढरी चार अशी समजत होते, तिथेच फसले. आपल्याकडे गायक आपला षड्ज ठरवतो, तानपुरा त्याच्याशी जुळतो. ऑपेरात सूर आधीच कागदावर बसलेले. गळा त्यांच्या मापाचा शोधायचा. शिवाय नुसती उंची नाही, आवाजाचं वजन आणि रंगही पाहायचा.

नवशिक्याने आख्खा ऑपेरा लावूच नये, असं माझं ठाम मत. एकच गाणं घ्यावं. मी हेच गाणं जॅनेट बेकरच्या मेझोत ऐकलं, फिशर-डिस्काऊच्या बॅरिटोनमध्येही. तिघांचं दुःख वेगळं. तसं म्हटलं तर चाल दुःखाची नाहीच. मेजरमध्ये, आपल्या बिलावलासारखी शुद्ध स्वरांतली.

फेब्रुवारी 1953 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला हीच भूमिका करताना कर्करोगाने पोखरलेलं फेरिअरच्या मांडीचं हाड रंगमंचावरच मोडलं. ती कशीबशी उभी राहून शेवटपर्यंत गायली. ऑक्टोबरात गेली, 41व्या वर्षी.

परवा आईला पुन्हा ती तबकडी ऐकवली. म्हटलं, "आई, ही बाई आहे, बरं का. बायको मेलेल्या नवऱ्याचं गाणं गातेय."

तिने खरखरीतून थोडा वेळ कान दिला. "असेल. पण रडत नाहीये," म्हणाली, "पुन्हा लाव."