संध्याकाळी अंडं देणारा पक्षी

कोंबड्या पाळून हात बसलेला माणूस लाव्ही पाळायला घेतो, तेव्हा त्याला आधी वेळेचं गणित बदलावं लागतं. सवयीप्रमाणे तो सकाळी ट्रे घेऊन शेडमध्ये शिरतो आणि हाती त्या दिवशीचं फारसं काही लागत नाही. लाव्हीची बहुतेक अंडी पडतात ती दुपारी तीननंतर, दिवेलागणीपर्यंत. खाद्यात काय, किती आणि कधी घालायचं, याचा सगळा हिशेब या वेळेपासून सुरू होतो.

एक अंडं पडलं की साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. चार-पाच तासांत त्यावर पांढरा चढतो, पापुद्रा बसतो आणि मग टरफलाचं काम सुरू होतं. ते अठरा-एकोणीस तास चालतं. म्हणजे टरफलाचं बरंच काम रात्री होतं, पक्षी अंधारात न खाता बसलेला असताना, आणि उरलेलं दिवसा. तेव्हा लागणारं कॅल्शियम पोटात उरलेल्या खाद्यातून येतं आणि ते संपलं की हाडांतून. मादी वयात येताना तिच्या पायांच्या पोकळ हाडांत याच कामासाठी हाडाचा एक वेगळा थर धरतो. रोज रात्री त्यातून काढलं जातं, दिवसा भरलं जातं. भरणं कमी पडत गेलं की आधी टरफल पातळ होतं, मग मादी पाय ओढत चालू लागते.

पक्षी केवढा? दीडशे ते दोनशे ग्रॅमचा. अंडं दहा-बारा ग्रॅमचं. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या तीन-साडेतीन टक्के भरतं. लाव्हीचं त्याच्या जवळपास दुप्पट. आणि हे सहा-सात आठवड्यांच्या वयापासून, वर्षाला अडीचशेच्या पुढे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून ही जपानी लाव्ही उत्तर प्रदेशात इज्जतनगरला आली, तिथल्या शास्त्रज्ञांनी ती आपल्या हवेत रुजवली, आणि आज बटेर किंवा क्वेल या नावांनी ती गावोगाव पोचली आहे. तिच्या खाद्याची समज मात्र तितक्या वेगाने पोचलेली नाही, याची हळहळ वाटते.

कारण अजूनही अनेक शेडमध्ये तिच्यापुढे कोंबडीचं लेअर मॅश ओतलं जातं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-एकशे दहा ग्रॅम खाते. सोळा-सतरा टक्के प्रथिनांवर तिचं भागतं. लाव्ही खाते जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९४ मध्ये तिच्यासाठी वीस टक्के प्रथिनं, अडीच टक्के कॅल्शियम, एक टक्का लायसिन आणि ०.४५ टक्के मिथिओनिन असं प्रमाण दिलं आहे. मका आणि सोयाबीन पेंडीच्या मिश्रणात सर्वांत आधी तुटतं ते हेच मिथिओनिन. टनामागे त्याची किलो-दोन किलो पांढरी भुकटी मिसळायची, पण ती नसेल तर अंडी बारीक होतात आणि पक्षी एकमेकांची पिसं उपटू लागतात. पूरक आहार म्हणावा तो याला. नेमकी तूट कुठे आहे हे ओळखून ती भरून काढणारा.

कॅल्शियमचंही तसंच. चुनखडीची बारीक भुकटी पोटातून लवकर पुढे सरकते. शिंपल्यांचा भरड चुरा पेट्यात, म्हणजे कलेजीबरोबर विकत मिळतो त्या दळणाऱ्या पिशवीत, अडकून राहतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो. लाव्हीची चोच लहान, म्हणून चुरा तिला गिळता येईल इतपतच भरड हवा. दिवसाच्या शेवटच्या खाद्यात तो थोडा जास्त टाकला की पातळ टरफलाच्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात. कोकणाला शिंपल्यांची वाण नाही. विदर्भ-मराठवाड्यात गोणी विकत घ्यावी लागते, तरी खर्च टॉनिकच्या बाटलीपेक्षा कमीच.

मे महिन्यात गोष्ट बदलते. पत्र्याखाली पारा चाळिशीला भिडला की लाव्ही चोच उघडी टाकून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि टरफल घडायला कार्बोनेट तर तिथूनच मिळतं. त्यात भूक मंदावलेली. अशा वेळी खाण्याचा सोडा माफक प्रमाणात उपयोगी पडतो तो या कार्बोनेटच्या तुटीमुळे. एरवी लाव्हीचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं, पण उन्हाच्या ताणात ते पुरत नाही. तुर्कस्तानात एलाझिगच्या फिरात विद्यापीठात काझिम शाहीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौतीस अंशांत ठेवलेल्या लाव्ह्यांवर क आणि ई जीवनसत्त्वांचे बरेच प्रयोग केले आणि त्यांना फायदा दिसला. पण चौतीस अंश! आपल्या उन्हाळ्यात जीवनसत्त्वांच्या पुडीच्या आधी पत्र्यावर पाचट आणि भांड्यात गार पाणी हवं. आणि क जीवनसत्त्व पाण्यात फार काळ टिकत नाही. सकाळी कालवलेलं पाणी दुपारपर्यंत उन्हात राहिलं, तर पैसे वाया गेले.

पावसाळ्यात वैरी बुरशी. मका मुठीत घेऊन हलवावा, खडखडला पाहिजे. दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला, तर ओल आहे. अशा मक्यात किंवा जुन्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृतावर जातं, आणि बलकाचा माल यकृतातच तयार होतो. तिथे बिघाड झाल्यावर जीवनसत्त्व-खनिजांचं कितीही महाग मिश्रण घाला, अंडी घटतातच.

झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांनी बलक केशरी होतो, गिऱ्हाईक खूश होतं. अंड्यांची संख्या तेवढीच राहते.

पूरक आहाराच्या नव्या पुडीची परीक्षा शेडमध्येच घेता येते. एकाच वयाच्या पक्ष्यांच्या दोन रांगा निवडाव्यात, खाद्य, पाणी, चौदा ते सोळा तासांचा उजेड दोन्हींकडे सारखा, पुडी एकीलाच. टरफलातला फरक काही दिवसांत दिसतो. बलकातला दिसायला आठवडा जातो, कारण तो भरायलाच पाच-सहा दिवस लागतात. संख्येबद्दल बोलायचं तर महिनाभर थांबावं. दहा-दहा टरफलं धुऊन, वाळवून सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोलावीत. एका टरफलाचं वजन ग्रॅमच्या आत-बाहेर असतं, साध्या तराजूला ते कळणार नाही. वहीत तारीख, शेडचं तापमान, अंडी, फुटकी अंडी आणि खाद्याचं वजन एवढे रकाने पुरतात. पुडीचा विक्रेता पुढच्या फेरीला आला की ही वही त्याच्यासमोर उघडावी.