व्हिएन्नातलं सहा नंबरचं घर

व्हिएन्नाला गेलं की राजवाडे, ऑपेरा, कॅफेतला चॉकलेट केक हे सगळं होतंच. पण एक सकाळ राखून ठेवा. यू-फोर मेट्रो पकडा आणि थेट शेवटच्या स्टेशनावर उतरा. हायलिगेनश्टाट.

आज हा शहराचाच भाग आहे. १८०२ मध्ये मात्र ते बाहेरचं खेडं होतं. द्राक्षांचे मळे, औषधी पाण्याचा झरा आणि शांतता. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून बेथोवन इथे आला, तो कानांना आराम पडावा म्हणून. वय ३१. म्हणजे आपल्याच वयाचा! करिअर जोरात होतं, पण कान दगा देत होते. आणि संगीतकाराने 'जरा मोठ्याने बोला' असं लोकांना सांगायचं तरी कसं?

तो राहिला असं मानतात ते प्रोबुसगासवरचं सहा नंबरचं घर आता म्युझियम आहे. अंगण असलेलं, साधंसं. त्या ऑक्टोबरमध्ये त्याने इथेच भावांना पत्र लिहिलं. जीव द्यायचे विचार आले होते, फक्त कलेने थांबवलं, असा त्याचा मथळा. पत्र पोस्टात पडलंच नाही. १८२७ मध्ये तो गेल्यावर कागदपत्रांत सापडलं.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी पूर्ण झालेली त्याची दुसरी सिंफनी चक्क आनंदी आहे. आजारी माणूस रडकंच संगीत लिहितो, हा फंडा इथे साफ आपटतो.

मग बहिरेपणाचा परिणाम झालाच नाही? तसंही नाही. २०११ मध्ये संशोधकांनी त्याच्या स्ट्रिंग क्वार्टेटमधले अगदी उंच स्वर मोजले. ऐकू येणं कमी होत गेलं तसे ते स्वरही कमी झाले. आणि शेवटच्या क्वार्टेटमध्ये, जेव्हा बाहेरचं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, तेव्हा ते परत आले! कानावर विसंबणं संपलं आणि तो मनातलं ऐकून लिहायला लागला, असा त्यांचा अंदाज.

बाहेर पडलात की ओढ्याकाठची 'बेथोवनगांग' ही पायवाट चाला. तो इथे फिरायचा. मी हेडफोन लावणार होते, पण बॅगेतच ठेवले. पाणी ऐकू येत होतं, पाखरं ऐकू येत होती. रोज ऑफिसात फुल व्हॉल्यूमवर गाणी ऐकणाऱ्या मला तेवढं पुरे होतं.

टिप : म्युझियम सोमवारी बंद. परतताना एखाद्या 'हॉयरिगे'त, म्हणजे मळेवाल्यांच्या वाइनघरात, नक्की डोकवा.