माप आधी, रंग नंतर

नवी पेठ, सोलापूर

नव्या पेठेत घेतलेला सदरा ढगळ निघाला, तर शिंपी तो आत घेऊन देतो. आकाशात ही सोय नाही. म्हणून स्कायडायव्हिंगचा पहिला हार्नेस, म्हणजे पॅराशूट अंगाला बांधणारा पट्ट्यांचा साज, रंगावर नव्हे, अंगाच्या मापावर निवडावा, असं माझं ठाम मत आहे. पॅराशूट उघडतानाचा झटका मुख्यतः मांड्यांच्या पट्ट्यांतून शरीरावर वाटला जातो. हार्नेस सैल असेल तर पाठीवरचा, पॅराशूट ठेवलेला कंटेनर सरकतो आणि राखीव पॅराशूटची मूठ हाताला नेहमीच्या जागी लागत नाही. आराम ही इथे चैन नव्हे, ती सुरक्षितताच आहे. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून. ध्रुवावरचे जाड कपडे असोत की नऊवारीचा घोळ, पट्टे चपखलच बसावे लागतात.

कुणी म्हणेल, नवा संच महाग, जुनाच बरा. जुन्याला माझा विरोध नाही. पण तो जाणत्या रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासून घ्यावा आणि माप जुळत नसेल तर स्वस्ताईचा मोह सोडावा. दुसरा आक्षेप असा की, पुढे लहान पॅराशूट वापरायचंच आहे, मग कंटेनर आत्ताच लहान का नको? कारण नवशिक्याचं पॅराशूट मोठं असतं आणि ते लहान कंटेनरमध्ये कोंबणं धोक्याचं आहे. आजच्या पॅराशूटला आणि आजच्या अंगाला बसेल, तोच संच घ्या.