पायलीतले तीन शेर

दोन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश. फळ्यावर हे गणित मांडलं की पाचवीच्या वर्गात कुणी ना कुणी हमखास सांगतं: तीन अष्टमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. पोराने कामात कसूर केलेली नसते, उलट जरा जास्तच केलेलं असतं.

मुरलेला शिक्षक अशा वेळी 'छेद तोच ठेवायचा' हा नियम लगेच काढत नाही. नियम परीक्षेपुरता पाळला जातो. पुढे वजाबाकी आली की खालच्या चारातून चार घालवून पोर शून्य लिहून मोकळं! त्यापेक्षा तो विचारतो, तुझं उत्तर अर्ध्याहून मोठं की लहान? आठातले तीन म्हणजे अर्ध्याहून कमीच. मग अर्ध्यात भर घातली आणि ते घटलं कसं? एवढं विचारलं की मुलं आपणहून खोडरबर शोधू लागतात.

शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख. इथल्या जुन्या घरांत धान्य पायलीने मोजत. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. अधोलीभर तांदळात शेरभर आणखी ओतले की पाऊण पायली, हे आजीला फळ्यावाचून ठाऊक. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या बायका अक्षरं गिरवू लागल्या. अक्षरओळख नव्हती म्हणून त्या पिढीचं माप काही अडलं नव्हतं.

शेर कितीही ओता, पायली चार शेरांचीच राहते. छेद न बदलण्याचं कारण एवढंच.

जमिनीचंही तेच. एकराचे ४० गुंठे. तीस गुंठ्यांतले बारा विकले तर उरले अठरा, म्हणजे ३०/४० − १२/४० = १८/४०. बेरजेत एकर ८० गुंठ्यांचा होत असता, तर भाऊबंदकीचे निम्मे दावे कोर्टात गेलेच नसते.

खरी मेख असते पूर्णातून वजा करताना. १ − ३/१६ पाहून हुशार मुलंही अडखळतात, कारण त्या एकात सोळा कुठेच दिसत नाहीत. इथे १ एप्रिल १९५७ पूर्वीचा सोळा आण्यांचा रुपया कामी येतो. बंदा रुपया मोडल्याशिवाय त्यातले तीन आणे देणार कसे? मोडला की १६/१६. तीन दिले, तेरा राहिले.

तुमच्या माळ्यावर जुनी पायली, अधोली, शेर पडून असतील तर नातवंडांच्या शाळेत नेऊन द्या. सोबत पायलीभर तांदूळही न्या.