स्वभावाला औषध नाहीं

आमच्या घरांत जीं वचनें वेदवाक्याप्रमाणें मानलीं जात, त्यांत 'स्वभावाला औषध नाहीं' हें एक होतें. एखादें माणूस असें कां वागतें, याचा विचार करण्याचा कंटाळा आला कीं हें वचन उच्चारावें आणि मोकळें व्हावें, अशी आमची रीत. आमच्या थोरल्या बहिणीच्या बाबतींत तर तें आम्हीं निदान वीस वर्षें उच्चारलें. ताई घुमी, ताई रडकी, ताईला चारचौघांत मिसळणें नको, सणावारींही तिच्या तोंडावर उत्साह नाहीं. काय करणार, स्वभावाला औषध नाहीं!

वास्तविक ताईचा हा 'स्वभाव' कोठून आला, हें आमच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? आई गेली तेव्हां ती नऊ वर्षांची होती व आम्ही तीन वर्षांचे. वडील कर्तबगार होते, परंतु त्यांच्या क्रोधाला सीमा नव्हती. भाकरी करपली, कंदिलाची कांच फुटली, आम्ही रात्रीं रडलों, कीं मार ताईला बसे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. एकविसाव्या वर्षीं लग्न झालें. भावोजी पदवीधर, चांगल्या नोकरींतले, बोलण्यांत मोठे गोड. ते तिला मारीत, हें १९८९ च्या दिवाळींत आम्हांस समजलें. ती माहेरीं आली तेव्हां तिचें मनगट सुजलेलें होतें. न्हाणींत पाय घसरला, असें तिनें सर्वांस सांगितलें, मग माडीवर आम्ही दोघेंच असतां हळूच म्हणाली, "पडलें नाहीं रे मी." आम्ही तेव्हां एम्. ए. च्या वर्गांत होतों. आम्हीं उत्तर दिलें, "भावोजी तापट आहेत, पण मनानें वाईट नाहींत. तूं थोडें समजून घे, ताई." भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशीं आम्हींच तिला एस्. टी. त बसवून दिलें.

त्यानंतर ताई आमच्याशीं त्या विषयावर बोलली नाहीं. तिची झोप उडाली, अन्न जाईना, घरांत जें बिघडेल तें आपल्याच पायगुणानें, असें ती म्हणूं लागली. आम्हीं टॉनिकच्या बाटल्या नेऊन दिल्या.

पुढें प्राध्यापक झाल्यावर आम्हीं शेक्सपिअरचें 'ऑथेल्लो' कित्येक वर्षें शिकविलें. देवलांच्या 'झुंझाररावा'मुळें ही कथा मराठी वाचकांस परकी नाहीं. चौथ्या अंकांत नायक लोकांदेखत पत्नीवर हात टाकतो. व्हेनिसहून आलेला तिचा आप्त लोडोव्हिको तें पाहतो, थक्क होतो, तिची समजूत काढावयास सांगतो. आणि रात्रीं तेथेंच जेवून आपल्या मुक्कामीं निघून जातो. डेस्डिमोनासाठीं आमचा कंठ वर्गांत अनेकदां दाटून आला. लोडोव्हिकोकडे मात्र आमचें लक्ष कधीं गेलें नाहीं.

जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनीं लंडनच्या कँबरवेल भागांतील ४५८ स्त्रियांची पाहणी करून १९७८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आमच्या हातीं फार उशिरां आला. संकटें पुष्कळ जणींवर येतात, मग नैराश्याच्या विकारानें त्यांतील कांहींच कां खचतात, हा त्यांचा प्रश्न. त्यांना असें आढळलें कीं, वयाच्या अकराव्या वर्षापूर्वीं जिची आई गेली, आणि पतीजवळ जिला मन मोकळें करतां येत नाहीं, ती अधिक लवकर खचते. आईच्या मृत्यूपेक्षांही तिच्यामागें मुलीची जी आबाळ होते ती अधिक घातक, असें पुढील संशोधनानें दाखविलें. तीं पानें वाचतांना आपल्याच घराचें वर्णन कोणी परक्यानें लिहून ठेवावें, तसें आम्हांस वाटलें.

याची संगति लावणें कठीण नाहीं. ज्याच्या आश्रयानें जगावयाचें तोच मारतो, असें झालें कीं मूल त्याला दोष देऊं शकत नाहीं; तें स्वतःलाच अपराधी ठरवितें. ही समजूत घेऊन मुलगी सासरीं जाते, आणि तेथें पहिली चपराक बसली कीं तिला तें ओळखीचें वाटतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें शेंकडा २५ जणींनीं पतीकडून छळ झाल्याचें सांगितलें. आणि ज्यांच्या आईला वडिलांनीं मारलें होतें त्यांच्यांत हें प्रमाण देशभर अधिक दिसतें. २०१३ सालच्या एका मोठ्या परीक्षणांत तर हें चक्र दोन्ही बाजूंनीं फिरतांना आढळलें: मार खाणारी स्त्री नैराश्यांत जाते, आणि नैराश्यांत गेलेली पुन्हां माराच्या अधिक तावडींत सांपडते. दुःखी बालपणाची प्रत्येक मुलगी खचतेच असें नाहीं, व सुखांत वाढलेलीलाही हा विकार गांठतो. परंतु एवढ्यानें वरील गोष्ट खोटी ठरत नाहीं.

ताई एक्कावन्न वर्षांची असतां, २०१३ सालींच, आम्ही तिला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेलों. डॉक्टरांनीं आम्हांस बाहेर बसावयास सांगितलें. चाळीस मिनिटें आम्ही बांकावर बसून होतों. परततांना रिक्षांत ती म्हणाली, "लहानपणचें सगळें विचारलें त्यांनीं. घरांत कोणी हात उगारतें का, तेंही विचारलें. इतकें कधीं कोणीं विचारलें नव्हतें." बोलतांना ती आमच्याकडे पाहत नव्हती, हे तिचे उपकार.

औषधांनीं आणि बोलण्यानें ताई पुष्कळ सावरली. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनीं सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रोग्यांस उतार पाडला, असा वृत्तान्त २०१६ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्यें आला. त्या उपचारानंतर पतीची मारहाण सांगणाऱ्या स्त्रियाही कमी आढळल्या. म्हणजे औषध होतें. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाही आहे. १९८९ सालीं हें दोन्ही नव्हतें, असें म्हणून आम्हांस सुटतां येईल काय? माडीवर त्या दिवशीं ताईला कायदा नको होता. तिला एवढेंच हवें होतें कीं, आम्हीं "मग काय झालें?" असें विचारावें.

दिवाळींत आपल्याही घरीं कोणी ताई, कोणी आत्या येईल आणि नेहमींप्रमाणें गप्प बसेल. तिच्या स्वभावाविषयीं बोलण्यापूर्वीं तिला एकदां एकटीला गांठून विचारावें. आणि ती सांगूं लागली तर परतीच्या गाडीची वेळ काढूं नये.