करंगळीवरचा शूबर्ट

शूबर्टचा बी फ्लॅट मेजरमधला शेवटचा पियानो सोनाटा फार हळू आवाजात सुरू होतो. उजव्या हाताखाली एकाच वेळी अनेक स्वर दाबलेले असतात, पण गातो तो सगळ्यांत वरचा, म्हणजे अनामिका आणि करंगळीच्या वाट्याला आलेला. ही दोन बोटं हाताची सगळ्यांत दुबळी, आणि गाणं त्यांच्यावर सोपवलेलं. आठव्या मापात डावा हात खोल खर्जात एक ट्रिल, म्हणजे दोन लगतच्या स्वरांची झपाझप आलटापालट, घेतो, आणि सगळं थांबतं. सप्टेंबर १८२८मध्ये हा सोनाटा पुरा झाला. नोव्हेंबरात शूबर्ट गेला.

पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या ‘टू हँड्स’ या २००४च्या ध्वनिमुद्रिकेत हा सोनाटा आहे. तो ऐकताना माझा जीव त्या दोन बोटांत अडकलेला असतो. कारण १९६४च्या सुमारास, कारकीर्द ऐन भरात असताना, फ्लायशर यांची उजव्या हाताची नेमकी हीच बोटं तळव्याकडे वळू लागली. पुढे निदान झालं फोकल डिस्टोनियाचं. स्नायू धड असतात, मेंदूकडून येणारा हुकूमच बिघडतो. रियाजाने हे सुटत नाही.

फ्लायशर यांचा वारसा तर केवढा! बेथोव्हेनकडे चेर्नी शिकला, चेर्नीकडे लेशेटिट्स्की, त्याच्याकडे आर्टुर श्नाबेल. शूबर्टचे सोनाटे तेव्हा फारसं कुणी वाजवत नसे. श्नाबेलना त्यांच्याकडे वळवलं लेशेटिट्स्कीने. एवढ्या लहान मुलांना श्नाबेल शिकवत नसत, पण नऊ वर्षांच्या फ्लायशरसाठी त्यांनी नियम मोडला. इटलीत कोमो सरोवराकाठी तालीम सुरू झाली, १९३८ साली. आपल्याकडे घराण्याची विद्या अशीच उतरते, समोर बसून.

उजवा हात असा निकामी झाल्यावर फ्लायशर डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवू लागले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाइनसाठी राव्हेलने लिहिलेला कन्चर्टो त्यांनी कितीदा तरी वाजवला. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेतलं त्यांचं शिकवणं. पूर्वी ते विद्यार्थ्याला खुर्चीवरून उठवून स्वतःच वाजवून दाखवत. आता ती सोय उरली नव्हती. हा स्वर का थांबतो, पुढच्याकडे कसा झुकतो, हे शब्दांत सांगणं भाग पडलं. सांगायचं तर आधी स्वतःला नेमकं ऐकू यायला हवं. हाताने जे आपसूक जमत होतं, ते त्यांनी तीस वर्षं कानाने पारखून घेतलं, असं मला मनापासून वाटतं.

नव्वदच्या दशकात बोटुलिनमच्या इंजेक्शनांनी आणि मसाजसारख्या उपचारांनी बोटं काहीशी सैल झाली. आजार बरा झाला नव्हता. तरीही ते दोन्ही हातांनी वाजवायला बसले, आणि निवडला तो हा सोनाटा, ज्यात वरचा स्वर त्याच बोटांनी तोलायचा. तरुणपणची फिरत इथे शोधू नये. इथे प्रत्येक स्वर पुरता ऐकून मगच सोडलेला आहे.

ऑगस्ट २०२०मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी फ्लायशर गेले. अखेरपर्यंत ते शिकवत होते. वाद्यवृंद-संचालक जॉर्ज सेलबरोबर त्यांनी ऐन उमेदीत वाजवलेला ब्राम्सचा पहिला पियानो कन्चर्टो आधी ऐका, आणि मग हा शूबर्ट. दोन्ही एकाच दिवशी ऐका.