बाहेरचा खेळाडू घ्यावा का?

सरदाचे भात कापून झाले की आपल्या पेडणे-डिचोलीच्या मळ्यांतून खेळपट्ट्या उगवतात. कुठे वायंगण करायचे असेल तर महिन्याभरात त्या नांगराखाली जातात, नाहीतर पाऊस येईपर्यंत टिकतात. शाळेचा क्रिकेट संघ बघणारे आम्ही तिघे (एक शिक्षक, एक माजी विद्यार्थी आणि एक पालक) याच दिवसांत व्हरांड्यात बसून संघ निवडतो. यंदा निवड बाजूलाच राहिली आणि दुसराच विषय निघाला.

विश्वस्तांपैकी एका भाऊंनी तो काढला. शेजारच्या गावच्या शाळेत नववीत एक मुलगा आहे. सीमारेषेवर उभा राहतो, चेंडू उचलून सरळ यष्टिरक्षकाच्या हातात फेकतो आणि फलंदाजीला आला की माडाच्या शेंड्यावरून मारतो. "त्याला आपल्या शाळेत आणूया. बसचा खर्च मी घालतो. पुढच्या वर्षी चषक आपल्या कपाटात," भाऊ म्हणाले.

आम्ही लगेच हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. खरे सांगायचे तर तोंडाला पाणी सुटले होते. पण त्या जागेवर आमचा आठवीतला एक मुलगा दोन वर्षे थांबला आहे. सकाळच्या पहिल्या कदंबने येतो, यष्ट्या ठोकतो, सामन्यात पाणी नेतो. त्याला काय सांगायचे?

हाच प्रश्न थोड्या मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्यालाही पडला होता. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्याची परवानगी मागितली आणि मुंबईने ती दिलीही. कसोटीत दोन द्विशतके केलेला तेविशीतला डावखुरा सलामीवीर आपल्या संघात येणार, वर कर्णधारपदाचीही बोलणी, हे ऐकून आमची मुले आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हती. मे महिन्यात त्याने विचार बदलला आणि तो मुंबईतच राहिला. मुले हिरमुसली. आमच्यापैकी पालक मात्र म्हणाले, "बरे झाले." त्यावरून आमचे भांडण झाले.

त्यांचे म्हणणे असे. एवढा मोठा खेळाडू गोव्याला मिळणार किती दिवस? भारताचे दौरे, मग आयपीएल, आणि उरलेल्या दोन-तीन सामन्यांसाठी गोव्याच्या एका पोराची जागा जाणार. आमचे माजी विद्यार्थी याच्या अगदी उलट. त्यांच्या मते त्या दोन-तीन सामन्यांत शेजारी बसून पोरे जे शिकतील ते दहा शिबिरांत मिळणार नाही.

दोघांच्याही बाजूने पुरावा आहे, आणि तो आम्ही स्वतः पाहिलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुलांना घेऊन आम्ही पर्वरीच्या मैदानावर गेलो होतो. त्याच आठवड्यात, ११ तारखेला, आपल्या मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले होते आणि पेडण्यात सगळ्यांच्या तोंडी विमानेच होती. आम्ही गेलो ते मुंबई सोडून गोव्याकडे आलेला अर्जुन तेंडुलकर पहिला रणजी सामना खेळणार म्हणून. समोर राजस्थान. गडी गोलंदाज म्हणून आलेला, पण १२० धावा करून गेला. त्याच्या वडिलांनीही १९८८ च्या डिसेंबरात मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात शतक केले होते, त्यामुळे वर्तमानपत्रांना दुसरे काही दिसेना. पण समोरच्या टोकाला मडगावचा सुयश प्रभुदेसाई होता आणि त्याने २१२ काढल्या, हे किती जणांना आठवते? दोघांची भागी २२१ धावांची. बाहेरचा आला म्हणून घरचा झाकोळला म्हणावे, की बाहेरच्याने साथ दिली म्हणून घरच्याचे द्विशतक झाले म्हणावे? येताना बसमध्ये म्हापशापर्यंत आम्ही यावरच वाद घातला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच पर्वरीत अरुणाचल प्रदेशाविरुद्ध अर्जुनने २५ धावांत पाच बळी घेतले, समोरचा संघ ८४ धावांत संपला. मग आपल्या स्नेहल कवठणकरने नाबाद ३१४ आणि कश्यप बखलेने नाबाद ३०० धावा केल्या. ६०६ धावांची ती अभेद्य भागी रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी ठरली. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे मान्य. पण गोवा त्या वर्षी प्लेट गटात होता, तो तिथून वर चढला.

आमचा पक्ष ठरला तो मात्र क्रिकेटवरून नव्हे, नाटकावरून. आपल्या गावच्या जत्रेला संगीत नाटक बसते तेव्हा नायिका आपण बाहेरून आणतो, मानधन देतो, ऑर्गनवालाही पुष्कळदा बाहेरचाच असतो. कोणी कुरकुर करत नाही. पण उद्या नायक बाहेरून आणला तर? अर्धा गाव मंडपात पाऊल टाकणार नाही! कारण उघड आहे. जे पात्र गावात मिळत नाही ते आणावे, जे आहे त्याच्या अंगावरचा पोशाख काढून दुसऱ्याला चढवू नये. शादाब जकातीपासून दर्शन मिसाळपर्यंत गोव्याला डावखुरे फिरकी गोलंदाज मिळत आले, वेगवान गोलंदाजांची मात्र चणचण. म्हणून आमच्या मते अर्जुनला घेणे बरोबर होते. जयस्वालबद्दल आम्ही दोन विरुद्ध एक असेच राहिलो.

शिवाय हा व्यवहार एकतर्फी नाही. १९४० साली मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून मुंबईला गेले, मुंबईकडून खेळले आणि १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या. गोव्याचा रणजी संघच मुळी १९८५-८६ च्या हंगामात उभा राहिला. पर्वरीचा स्वप्निल अस्नोडकर २००८ साली पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थानसाठी ग्रॅम स्मिथबरोबर सलामीला उतरला. त्यांना कोणी परके म्हटले नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर खेळाडूंची अदलाबदल हा नेहमीचाच व्यवहार. बोस्टनने बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कला विकल्याचे १९२० च्या जानेवारीत जाहीर झाले आणि मग २००४ पर्यंत बोस्टनला अजिंक्यपद मिळाले नाही. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने अर्जुनला लखनौच्या संघाकडे दिले. मोठ्यांचे ते व्यवहार. आमच्यापुढे होता चौदा वर्षांचा मुलगा आणि त्याचे मन कोणी विचारले नव्हते.

म्हणून एका शनिवारी आम्ही त्या गावी गेलो. शाळा लहान. मैदानावर मोजून तेरा मुले, त्यांतली दोन चप्पल घालून. हा मुलगा निघाला तर उरलेल्यांचा संघ कसाबसा उभा राहील, हे बघताच कळले. त्यांच्या सरांनी आम्हांला चहा दिला आणि काहीच विचारले नाही, त्यामुळे आम्हांला जास्तच ओशाळल्यासारखे झाले. मुलगा आला. घाम पुसत म्हणाला, "सर, इथे मी कप्तान आहे." थोडा वेळ थांबून म्हणाला, "आणि आमच्या यष्टिरक्षकाला माझाच थ्रो कळतो."

पुढे बोलायला काही उरले नाही. भाऊंना सांगितले तेव्हा ते रागावले, पण बसचे पैसे परत घेतले नाहीत. त्यातून आम्ही नवे चेंडू आणि दोन जोड पॅड घेतले.

जानेवारीत त्याच शाळेशी आमचा सामना झाला. आमच्या आठवीतल्या मुलाला सीमारेषेवर उभे केले. पहिला झेल त्याने सोडला. दुसरा, त्या कप्तानाचाच, धावत येऊन घेतला आणि चेंडू हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. आम्ही सात धावांनी हरलो. शेवटचा गडी धावबाद झाला, अर्थात त्या मुलाच्या फेकीवर.

त्यांच्या शाळेत दहावीपर्यंतच वर्ग आहेत. सामना संपल्यावर भाऊंनी त्याच्या वडिलांना चहाच्या टपरीवर गाठले आणि अकरावीला कुठे घालणार म्हणून विचारले. यावर आम्ही तिघांपैकी कोणीही काही बोललो नाही.